तोफखान्यातील माणसाचे कान

आपल्या घरात किंवा शेजारी निवृत्त सैनिक असेल, त्यातही तोफखान्यातला, तर त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. आपले बोलणे ते पुष्कळदा ऐकत नसतात. ओठांवरून, चेहऱ्यावरून ओळखत असतात.

माझे सासरे १९७१ च्या डिसेंबरात पश्चिम सीमेवर तोफेमागे उभे होते. वय एकवीस. त्या काळी कानांचे रक्षण म्हणजे कापसाचा बोळा, आणि घाईच्या वेळी नुसते तळहात. युद्ध तेरा दिवसांत संपले. त्यांच्या कानांतली शिट्टी मात्र आजतागायत थांबलेली नाही.

अंतर्कर्णात केसांसारख्या अतिसूक्ष्म पेशी असतात. प्रचंड आवाजाने त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीचे ध्वनी: स, श, फ यांसारखी व्यंजने, लहान मुलांचे बोलणे. म्हणजे आवाज पोचतो, पण शब्द पोचत नाही. ‘त्यांना हवे ते बरोबर ऐकू येते’ असे घरोघरी म्हटले जाते, ते म्हणूनच अन्यायाचे आहे.

गेल्या वर्षी त्यांना श्रवणयंत्र बसवले. शेंगदाण्याएवढी वस्तू! पहिल्या दिवशी फोडणीत मोहरी तडतडली आणि ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. ‘सूनबाई, हे इतकी वर्षे वाजतच होते का?’ एवढेच त्यांनी विचारले. बटण दाबताच गरम पाणी येते याचेही त्यांना अजून अप्रूप आहे; गीझरला ते मनोभावे धन्यवाद देतात. आपण कशाकशाला देतो?

यंत्राने कान पूर्ववत होत नाही, हे मात्र आधीच समजून घ्यावे. मेंदूला नव्या आवाजांची सवय व्हायला कित्येक आठवडे लागतात. आठवडाभरात कंटाळून ते कपाटात ठेवू देऊ नये. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस योजना आहे. तिच्या जवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये श्रवणचाचणीची आणि यंत्राची चौकशी अवश्य करावी. ऐकू येणे अचानक कमी झाले तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावे.

आणि कृपा करून ओरडू नये. ओरडल्याने शब्द अधिकच फाटतात. समोर बसावे, आपल्या तोंडावर उजेड असावा, दूरदर्शनचा आवाज बंद करावा. एखादे वाक्य कळले नाही तर तेच पुन्हा न म्हणता निराळ्या शब्दांत सांगावे. वेळ जातो खरा, पण घरातल्या गप्पांतून हळूहळू बाजूला पडलेला माणूस एकटा होतो, आणि ते एकटेपण मनाला व स्मरणशक्तीलाही जाचते.

प्रजासत्ताक दिनी आमच्या चौकात सैनिकांच्या सन्मानार्थ सकाळी सातपासून ध्वनिवर्धक लागतो. अशा कानांना मोठा आवाज निरोगी कानांहून अधिक बोचतो. सासरे त्या दिवशी यंत्र काढून डबीत ठेवतात, ध्वजाला सलामी देऊन येतात आणि दुपारी गाणी थांबली की नातीला हाक मारतात, ‘ये, आता सांग शाळेत काय झाले ते.’