विनूला, पावसाळ्याआधी

प्रिय विनू,

तुझं पत्र कालपासून टेबलावर उघडंच पडलंय. ‘1980 ची आवृत्ती फारच गरीब दिसते, पोरं कंटाळतील, म्हणून शिबिरात 2002 ची दाखवतो’ हे वाक्य मी चारदा वाचलं. तू लिहावंस हे? मिरजेच्या प्रयोगात ऐनवेळी दिवे गेले तेव्हा एक कंदील आणि आईची पांढरी चादर घेऊन ज्यानं पूर उभा केला, त्या विनूनं?

2002 ची दाखवू नकोस. मूळ कादंबरी लिहिणाऱ्या उर्सुला ले ग्विनबाईंचा तिच्याशी काही संबंध नव्हता. 1980 च्या ‘द लेथ ऑफ हेवन’मध्ये मात्र संहितेपासून नट निवडण्यापर्यंत त्यांचं लक्ष होतं. झालं तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पण तेवढ्यावर मला थांबवत नाही.

पैसा कमी होता हे खरंच. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनईटी या सार्वजनिक वाहिनीनं तो चित्रपट सुमारे अडीच लाख डॉलरांत केला. त्याआधी तीनच वर्षं ‘स्टार वॉर्स’वर एक कोटीच्या वर डॉलर खर्च झाले होते. मग दिग्दर्शक डेव्हिड लॉक्स्टन आणि फ्रेड बार्झिक यांनी काय केलं? कादंबरीतलं भविष्यातलं पोर्टलंड त्यांनी टेक्सासात शोधलं, डॅलस आणि फोर्ट वर्थच्या तयार इमारतींमध्ये. डॅलसचा सिटी हॉल तेव्हा नवाकोरा होता. त्याचा प्रत्येक मजला खालच्या मजल्याहून पुढे आलेला, सगळी इमारत अंगावर वाकल्यासारखी. असा सेट बांधायला अडीच लाख पुरले असते का? डोळे उघडे ठेवून हिंडलं की मिळतं, हे मी तुला शिकवावं?

आणि गोष्ट काय आहे ते जरा आठव. जॉर्ज ऑर स्वप्न बघतो आणि जाग येते तेव्हा जग तसंच झालेलं असतं, मागच्या सगळ्या इतिहासासकट. त्यामुळे काही बदललंय हे इतरांच्या गावीही नसतं. डॉक्टर हेबर ती स्वप्नं कामाला जुंपतो. गर्दी कमी कर म्हणतो, तर साथ येऊन अब्जावधी माणसं नाहीशी. माणसांतलं युद्ध थांबव म्हणतो, तर परग्रहवासी चालून येतात. वर्णद्वेष मिटव म्हणतो, तर सगळ्यांची कातडी राखाडी. यात कोट्यवधी ओतून दाखवायचं काय? जुनं जग आठवणारा माणूस खुर्चीत बसलाय आणि समोरच्याला पटवू शकत नाहीये, एवढंच दाखवायचंय. त्याला जॉर्ज झालेल्या ब्रूस डेव्हिसनचा चेहरा लागतो, बाकी काही नाही. तुला तो राखाडी रंग फासल्यासारखा वाटला ना? अरे, हेबरनं तो माणसांवर फासलेलाच आहे! तो सफाईनं कातडीत मिसळला असता तर पोरांच्या अंगावर काटा कशाला आला असता?

तुझ्या नानांना मी या नावाची हकिगत सांगितली होती. बाईंनी ते च्वांग-त्सूच्या जेम्स लेगनं केलेल्या इंग्रजी भाषांतरातून घेतलं. पुढे जोसेफ नीडमनं त्यांना कळवलं की त्या काळात चीनमध्ये लेथच नव्हते. नाना लेथ बंद करून कितीतरी वेळ हातातला जॉब फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, “नाव चुकलं असेल, पण काम बरोबर सेंटरला लागलंय.” वर्कशॉपातला तो तेलाचा वास अजून माझ्या नाकात आहे.

चित्र मळकट आहे म्हणतोस, ते का ते ठाऊक आहे? 1988 ला हक्क संपले आणि पुढची बारा वर्षं चित्रपट पडद्यावर आलाच नाही. त्यात बीटल्सचं एक गाणं होतं, त्याचे हक्क सोडवता सोडवता नाकी नऊ आले. शेवटी 2000 साली तो परत दाखवला तेव्हा ते गाणं दुसऱ्यांच्या आवाजात घालावं लागलं. तोवर मूळ चित्रीकरणही हाती लागेना. दोन इंची व्हिडिओ टेपवरची प्रत पुसूनपासून, रंग सुधारून उभी केली, ती तू बघितलीस. अमेरिकेत, एवढ्या मोठ्या वाहिनीच्या घरात ही गत, विनू.

हे कळल्यापासून मला झोप नाही. आपल्या चार प्रयोगांच्या कॅसेट अजून तुझ्या माळ्यावरच आहेत ना, त्या पत्र्याच्या पेटीत? चादरीचा पूर त्यातल्याच एकीत आहे. नानांचा आवाजही, विंगेतून प्रॉम्प्टिंग करतानाचा. गेल्या वर्षी त्या कोपऱ्यात गळत होतं असं वहिनी म्हणाली होती. पेटी आजच खाली काढ. बुरशी दिसली तर कॅसेट व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नकोस, फीत जायची. कोरड्या कपड्यात गुंडाळून ठेव, टपालानं पाठवू नकोस. मी पुढच्या रविवारी स्वतः येऊन नेते.

किती शिल्लक आहेत ते फोन करून सांग, पत्राची वाट बघायला लावू नकोस.

तुझी,
ताई