तुरळक ठिकाणी

गेल्या सोमवारी दुपारी चारला आमच्या गल्लीतल्या काकांचा फोन आला. "पत्रकार, हळद भिजली ना सगळी. तुमचा पेपर झोपला होता का?"

झोपला नव्हता. त्याच दिवशीच्या अंकात माझ्याच हातची बातमी होती, 'जिल्ह्याला आज यलो अलर्ट'. काकांनी ती वाचलीही होती. पण आधीच्या आठवड्यात हाच मथळा वाचून त्यांनी दोनदा शिजवलेली हळद गोळा करून ताडपत्रीखाली घातली, आणि दोन्ही वेळा त्यांच्या शिवारात थेंब पडला नाही. ओली हळद झाकली की तिला घाम सुटतो, बुरशी धरते. मजुरी गेली ती वेगळीच. म्हणून सोमवारी म्हणाले, जाऊ दे, ऊन चांगलंय. ऊन होतंच, ४२ च्या पुढं. साडेतीनला पश्चिमेकडून काळं आलं आणि वीस मिनिटांत खळ्यावर पाणी. शेजारच्या गावात धूळसुद्धा बसली नाही.

आता माझी चूक कबूल करतो. हवामान खात्याच्या पत्रकात असतं, 'तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट, सोसाट्याचा वारा आणि हलका ते मध्यम पाऊस होण्याची शक्यता'. मथळा करताना मी 'तुरळक' कापतो. जागा नसते म्हणतो, पण खरं सांगायचं तर तो शब्द मिळमिळीत वाटतो.

मंडळी, खात्याच्या भाषेत 'तुरळक' म्हणजे 'थोडासा' नव्हे. त्या भागातल्या नोंद केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस म्हणजे तुरळक. २६ ते ५० टक्के असला तर 'काही ठिकाणी'. तुरळक हा शब्द किती जागी ते सांगतो, किती जोरात ते सांगतच नाही. म्हणजे तीन शिवारं कोरडी राहिली तरी अंदाज खोटा ठरत नाही. आणि चौथ्या शिवारातल्या माणसाला मात्र सगळंच्या सगळं मिळतं.

'एकाच पत्रकात उष्णतेचा इशारा आणि पावसाचाही, हे कसं?' असं लोक हसून विचारतात. अहो, ऊनच ढग उभा करतं. जमीन तापते, हवा वर चढते, त्यात समुद्रावरून बाष्प आलेलं असलं की दुपारनंतर तास-दोन तासांत ढगाचा डोंगर उभा राहतो. तो कुठल्या गावावर उभा राहील हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. खातं जिल्हा सांगतं आणि मी तोच रात्री अकराला छापायला देतो. खात्याचा पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा दुपारी निघतो, तेव्हा आमचा पेपर रद्दीत गेलेला असतो.

दुसरं म्हणजे 'हलका ते मध्यम पाऊस' वाचून माणूस बिनधास्त होतो. मारतो तो वारा आणि वीज. ९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यात पारसला मंदिराजवळच्या पत्र्याच्या शेडवर लिंबाचं झाड कोसळलं, सात माणसं गेली. वादळापासून वाचायलाच लोक त्या शेडखाली थांबले होते. बरोबर आठवड्यानं, १६ एप्रिलला, खारघरला भर उन्हातल्या कार्यक्रमात उष्माघातानं माणसं गेली. भरदुपारी ज्या झाडाखाली बसा म्हणून सांगतो, त्याच झाडाखालून गडगडाट ऐकताच उठा, हे आपण एका बातमीत कधी लिहिलं? मी तरी नाही लिहिलं.

मंगळवारपासून एवढंच केलंय. तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन तासांचा इशारा आला की लगेच टाकतो, वेळेसकट, 'तुरळक' न कापता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲपही बऱ्याच जणांच्या मोबाईलमध्ये घालून दिलं. आपल्या २० ते ४० किलोमीटरच्या परिसरात वीज पडत असेल तर ते कळवतं.

आज दोनला इशारा टाकला. काकांचा लगेच मेसेज, "आपल्याकडं का शेजारी?"

म्हणलं, "काका, ते कुणालाच सांगता येत नाही. पश्चिमेकडं बघा."

पाच मिनिटांनी फोटो आला. निम्मी हळद झाकलेली, निम्मी उन्हात.