लिमरिकचा लाल शनिवार

परदेशी जाऊन आलेल्या बाईनं काय सांगावं, हे आपलं ठरलेलं असतं. कुठला तरी उंच मनोरा, राणीचा राजवाडा, बर्फ, आणि तिथं भाजी किती महाग आहे ते! मी गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आयर्लंडला पंधरा दिवस राहून आले. पण मैत्रिणींनो, मला विचाराल तर मी तिथं पाहिलं काय, तर एका चेंडूसाठी गवतात लोळणारी तीस दांडगी माणसं! हसू नका. पुढं वाचा, मग हसा.

माझी थोरली बहीण, आमची ताई, गेली वीसएक वर्षं लिमरिकला असते. पाच ओळींच्या त्या इंग्रजी वात्रटिका असतात ना, त्यांचं नाव ज्या गावावरून पडलं तेच हे गाव. ताई तिथल्या एका इस्पितळात रक्त तपासायच्या विभागात काम करते. दोन वर्षांपूर्वी भाऊजी अचानक गेले. मुलगा शिकायला डब्लिनला. एवढ्या लांब, पावसापाण्याच्या गावात ती एकटी कशी राहणार, हा आईला घोर. निघताना लोणच्याच्या बरणीबरोबर आईनं मला एक कामही बांधून दिलं होतं, “तिला समजाव आणि मिरजेला घेऊन ये.”

मुंबईहून डब्लिन, आणि तिथून बसनं सुमारे दोनशे किलोमीटर लिमरिक. वाटेत नुसतं हिरवं हिरवं. गाव शॅनन नदीच्या काठावर आहे. नदी मोठी रुंद, समुद्राच्या भरती-ओहोटीनं चढणारी-उतरणारी. काठावर तेराव्या शतकातला किंग जॉनचा किल्ला, त्याला लागून थॉमंड पूल, आणि पुलापलीकडे चौथऱ्यावर ठेवलेला एक ओबडधोबड दगड. 1691 सालचा तह त्या दगडावर झाला असं तिथले लोक सांगतात, आणि तो तह पाळला गेला नाही हेही लगेच सांगतात. तीनशे वर्षांपूर्वीची फसवणूक काल घडल्यासारखी सांगायची, हे मला इतिहास शिकवणारीला फारच ओळखीचं वाटलं.

लिमरिकची लेसही प्रसिद्ध. 1829 साली एका इंग्रज माणसानं इथं कारखाना काढला आणि गावातल्या गरीब मुली जाळीवर सुईनं बारीक नक्षी काढायला लागल्या. संग्रहालयात ते काम पाहताना माझे डोळे दुखले, त्या मुलींचे काय झाले असतील!

पण हे सगळं आठवड्याच्या दिवसांचं. शनिवार आला आणि ताईच्या घरातली हवाच बदलली. सकाळी आम्ही मिल्क मार्केटला जाऊन पाव, चीज आणि मासे आणले. दुपारी ताईनं दाण्याचे लाडू वळून डब्यात भरले. आणि मग कपाटातून तिनं लाल शर्ट काढला, लाल मफलर काढला. एक तिचा, एक माझ्यासाठी.

“अगं, हे काय?” मी म्हटलं.

“सामना आहे. तूही येणार आहेस. भाऊजींच्या जागेवर.”

तर हा मन्स्टरचा रग्बी संघ. आयर्लंडचे चार प्रांत, त्यांतला दक्षिणेकडचा मन्स्टर. कॉर्क, केरी, लिमरिक, टिपररी, क्लेअर आणि वॉटरफर्ड अशा सहा परगण्यांचा. गावागावांतल्या लहान क्लबांतून खेळाडू तयार होतात आणि वर हा प्रांताचा संघ. इतरत्र रग्बी हा बड्या घरच्या मुलांचा, महागड्या शाळांचा खेळ समजतात. लिमरिकमध्ये मात्र गोदीतला हमालही खेळतो आणि डॉक्टरही. त्यामुळं बसच्या रांगेत, भाजीच्या गाळ्यावर, चर्चच्या दारात, जिथं तिथं हाच विषय.

खेळ काय आहे ते थोडक्यात सांगते, म्हणजे टीव्हीवर दिसला तर मुलांसमोर तुमची फजिती व्हायची नाही. एका बाजूला पंधरा गडी. चेंडू लांबट, नारळासारखा. तो घेऊन पळायचं आणि समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा, त्याचे पाच गुण. त्याला म्हणतात ‘ट्राय’. मग दोन उंच खांबांच्या मधून, आडव्या दांडीच्या वरून चेंडू लाथेनं मारला की आणखी दोन. दंड मिळाला आणि तसाच चेंडू मारला तर तीन. गंमत अशी, की हातानं चेंडू पुढं फेकायचाच नाही. फेकायचा तो मागच्याकडे किंवा बाजूच्याकडे. म्हणजे पुढं जायचं, पण मागून येणाऱ्यावर विश्वास टाकून. आठ-आठ गडी डोकी एकमेकांत घालून ढकलाढकली करतात ते ‘स्क्रम’. मला तर आमच्या शाळेतली कबड्डीची पकडच आठवली.

आणि हो, या खेळाचं आपल्या देशाशी एक चकाकतं नातं आहे बरं का. कलकत्त्यातल्या इंग्रजांचा एक रग्बीचा क्लब 1878 साली मोडला. बँकेतले शिल्लक पैसे त्यांनी चांदीच्या रुपयांत काढून घेतले, ते वितळवले आणि त्यांचा चषक घडवून विलायतेला पाठवला. त्याला नागांच्या मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड 1879 पासून आजतागायत त्या ‘कलकत्ता चषका’साठी भांडतात. रुपये आपले, भांडण त्यांचं!

घरून मैदानापर्यंत आम्ही चालतच गेलो. थॉमंड पूल ओलांडला आणि पाहते तो रस्ता लालेलाल. म्हातारी जोडपी, कडेवर लेकरं घेतलेल्या आया, पोरंपोरी, सगळे एका दिशेला चाललेले. कोणी घाई करत नव्हतं, ओळख नसली तरी बोलत होतं. मला एकदम आषाढातला पुणे रस्ता आठवला. टाळ-मृदंग तेवढे नव्हते. तेही पुढं भरून निघालं. मैदानात गाणी सुरू झाली. त्यांतलं एक गाणं दुष्काळाचं आहे. उपाशी लेकरांसाठी धान्य चोरलं म्हणून काळ्या पाण्यावर पाठवलेल्या बापाचं. खेळाच्या मैदानावर असं गाणं म्हणणारे लोक मी पहिल्यांदाच पाहिले.

थॉमंड पार्कमध्ये पंचवीस हजारांवर माणसं मावतात. दोन बाजूंना खुर्च्या, आणि खांबांच्या मागं दोन्ही टोकांना उभं राहायच्या पायऱ्या. आमच्या रांगेत सगळे ताईच्या ओळखीचे. शेजारच्या खुर्चीतल्या आजीबाई ऐंशीच्या घरातल्या. त्यांनी आधी लाडवाच्या डब्याची चौकशी केली आणि मग माझी!

या आजींनी मला 1978 सालची गोष्ट सांगितली. ऑक्टोबरची 31 तारीख, मंगळवार. न्यूझीलंडचा जगाला भारी असलेला ‘ऑल ब्लॅक्स’ संघ इथं आला होता. मन्स्टरच्या पोरांकडून कोणाचीच अपेक्षा नव्हती. आणि मन्स्टर जिंकलं 12–0 नं! त्या दौऱ्यात न्यूझीलंड हरलं ते एवढ्या एकाच सामन्यात. क्रिस्टी कँटिलननं ट्राय केला, बाकीचे सगळे गुण टोनी वॉर्डच्या पायांनी. मैदानावर होते बाराएक हजार, पण आजी म्हणाल्या, “मी होते असं सांगणारे मला आजवर लाखभर भेटले.” याच सामन्याचं वर्णन रेडिओवर ऐकता ऐकता तिकडं कॉर्कमध्ये कर्णधाराचे वडील गेले. जिंकलेल्या मुलाला ते मागून कळलं. त्या एका संध्याकाळी दोन्ही झालं, म्हणून ती गोष्ट सांगताना इथले लोक आधी हसतात आणि मग थांबतात.

ताई-भाऊजींची कथा पुढची. 2000 साली मन्स्टर युरोपच्या अंतिम सामन्यात एका गुणानं हरलं. 2002 साली पुन्हा हरलं. ही दोघं 2003 साली आली ती अशा हरलेल्या गावात. पहिला हिवाळा ताईनं खिडकीशी बसून रडून काढला. शेजाऱ्यांनी एका शनिवारी ओढून सामन्याला नेलं आणि भाऊजींना वेडच लागलं. 2006 च्या मे महिन्यात कार्डिफला अंतिम सामना होता. गावात ओ’कॉनेल स्ट्रीटवर मोठा पडदा लावला होता आणि हजारो लोक रस्त्यावर. बाबागाडीत बाळ घेऊन ही दोघं त्यांत उभी. ती गर्दी तिकडं कार्डिफच्या मैदानावरच्या पडद्यावर दाखवली आणि इकडचा पाठिंबा तिकडच्या खेळाडूंना दिसला. मन्स्टर जिंकलं, 23–19. ताई म्हणते, “त्या दिवशी मी पहिल्यांदा ‘आपण जिंकलो’ असं म्हणाले.”

त्या संघाचा कर्णधार होता अँथनी फोली. त्याचे वडील 1978 च्या संघात खेळलेले. पुढं तो मन्स्टरचा प्रशिक्षक झाला आणि ऑक्टोबर 2016 मध्ये, संघाबरोबर पॅरिसला गेलेला असताना, झोपेतच गेला. वय अवघं 42. शुक्रवारी त्याची अंत्ययात्रा आणि शनिवारी याच मैदानावर सामना. त्याचा 8 नंबर त्या दिवशी कोणी घातला नाही. त्या जागी खेळणारा 24 नंबर घालून उतरला. एक गडी लवकरच बाहेर काढला गेला, तरी चौदा जणांनी सामना 38–17 असा जिंकला. भाऊजी त्या रात्री घरी येऊन न जेवता झोपले होते म्हणे.

हे सगळं मी ऐकतेय तोवर मन्स्टरला दंड मिळाला. एक मुलगा चेंडू ठेवून मागं सरकला. आणि काय झालं कोणास ठाऊक, इतका वेळ गर्जणारं ते मैदान एकदम गप्प झालं. पंचवीस हजार माणसं आणि टाचणी पडली तर ऐकू यावी. मी घाबरून मोठ्यानं म्हटलं, “अगं ताई, झालं काय?”

माझा तो मिरजेचा आवाज साऱ्या मैदानावर घुमला असावा. चार रांगांनी वळून पाहिलं. ताईनं ओठांवर बोट ठेवलं. आजीबाई पोट धरून हसल्या, तेही आवाज न करता!

मग कळलं, ही इथली रीत. खांबातून चेंडू मारणाऱ्याचं लक्ष ढळू नये म्हणून सगळ्यांनी गप्प बसायचं. आपल्या माणसासाठी तर बसायचंच, पण प्रतिस्पर्ध्यासाठीही तितकंच. पुढच्या वेळी वेल्सच्या पाहुण्यांचा मुलगा चेंडू मारायला आला, तेव्हाही तीच शांतता होती. त्याचा चेंडू खांबांतून गेला आणि शेवटी आपण हरलोसुद्धा. (बघा, मीही ‘आपण’ म्हणायला लागले!)

परतताना पुलावर ताई थांबली. एप्रिलचा शेवट, तिथं रात्री नऊपर्यंत उजेड. मी तेवढ्यात आईचं काम काढलं. “ताई, चल ना मिरजेला. तिथं आम्ही सगळे आहोत.”

ती बराच वेळ नदीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “हे गेल्यावर पहिल्या सामन्याला मी एकटी आले. शेजारची खुर्ची रिकामी. त्या दिवशी पाऊस होता, पण रांगेतल्या कोणी त्या खुर्चीवर साधी छत्रीसुद्धा ठेवली नाही. त्या हंगामात कधीच नाही. कोणी काही बोललंही नाही. आजी एवढंच म्हणाली, ‘तुझी जागा आहे, येत जा.’ मी गेल्या वर्षीही दोन्ही जागांचे पास घेतले. उधळेपणा आहे, कळतं मला.”

“अगं, पण तिथं आपली माणसं...”

“गेल्या संक्रांतीला मी आले होते,” ताई म्हणाली. “तुझ्याकडे हळदीकुंकू होतं.”

मैत्रिणींनो, पुढचं तिनं काहीच म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती. त्या दिवशी माझ्या घरी तीसएक बायका आल्या होत्या. ताईनं सकाळपासून तिळगूळ वळले, वाणाच्या डब्या पुसून मांडल्या. आणि पहिली बाई दारात आली तशी ती आपण होऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून बसली. मला ते दिसलं होतं. मी तिला बाहेर बोलावलं नाही. लोक काय म्हणतील, सासूबाईंना काय वाटेल, असं मनात आलं आणि मी पुढच्या पाहुणीला अत्तर लावलं. मी बी.ए. झालेली, शाळेत मुलींना सावित्रीबाईंचा धडा शिकवणारी बाई!

आणि इथं तीच माझी बहीण लालभडक शर्ट घालून हजारोंच्या मधे उभी राहून ओरडत होती, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी पुलावर तिचा हात धरला आणि माफी मागितली. ती म्हणाली, “चल, पाऊस येईल.” आणि आला! तिथं जाणार असाल तर छत्रीच्या भरवशावर राहू नका, टोपीचा रेनकोट न्या. वाऱ्यात छत्री टिकत नाही.

मी एकटीच परत आले. आईला सगळं सांगितलं, हळदीकुंकवाचंही. ती काही बोलली नाही. दोन आठवडे विषय नाही. मग सुट्टी संपता संपता एका शनिवारी वाती वळताना तिनं एकदम विचारलं, “आज तिचा सामना असेल ना गं? फोन करून विचार, जिंकले का.”

ताई पुढच्या संक्रांतीला येईल असं वाटत नाही. जानेवारीत सामने असतात म्हणे. पण जेव्हा येईल तेव्हा माझ्या घरी पहिलं कुंकू तिला लावणार आहे, सासूबाईंच्या देखत. सासूबाईंना मी हे आधीच सांगून ठेवलं आहे. त्या हो म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत.