कोणता आवाज सोडायचा?

पक्ष्याचा आवाज टिपायचा म्हणजे बाकीचे कोणते आवाज सोडायचे, हे आधी ठरवावे लागते. माइक घ्यायला निघालेल्या माणसाला दुकानदार किंमत सांगतो. ही गोष्ट सांगत नाही.

पक्ष्याच्या गाण्याची पहिली ज्ञात ध्वनिनोंद 1889 सालची. जर्मनीतल्या लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने पिंजऱ्यातल्या शामाचे गाणे फोनोग्राफवर घेतले. शामा हा आपल्याकडचा पक्षी. तो पिंजऱ्यात होता म्हणून जमले. रानातला पक्षी जवळ गेले की उडतो. त्यावरचा उपाय म्हणजे पॅराबोलिक डिश. कॉर्नेल विद्यापीठाच्या आर्थर अ‍ॅलन आणि पीटर पॉल केलॉग यांनी 1935 मध्ये लुइझियानाच्या जंगलात अशाच डिशने हस्तिदंती चोचीच्या सुतारपक्ष्याचा आवाज टिपला. पुढे ते जंगल तोडले गेले. 1944 नंतर त्या पक्ष्याची निर्विवाद नोंद नाही.

आमचे रत्नागिरीकडचे घर आता बंद असते. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे अम्मी मुंब्र्याला आमच्याकडे राहते. भाऊबंदांत वाडी विकण्याची बोलणी चालू आहेत. त्याआधी वाडीचा आवाज अम्मीसाठी आणावा म्हणून जूनमध्ये गेलो. मित्राची 55 सेंटिमीटरची डिश मागून घेतली होती. शिवाय स्वतःचे दोन साधे, चहूबाजूंनी ऐकणारे माइक होते.

डिशमध्ये माइकचे तोंड पक्ष्याकडे नसते, डिशकडे असते. वाडग्यावर आदळलेला आवाज ज्या बिंदूवर गोळा होतो, तिथे तो बसवायचा. लांब नळीचा शॉटगन माइक बाजूचे आवाज कमी करतो, पण दूरचा आवाज असा गोळा करत नाही. मात्र लहर डिशहून लांब असली की डिशचेही फारसे चालत नाही. 2000 हर्ट्झच्या शिळेची लहर सुमारे 17 सेंटिमीटर; कस्तुराची शीळ डिश सुरेख पकडते. 500 हर्ट्झची लहर 68 सेंटिमीटर. भारद्वाजाचा हुंकार अशा खर्जातला, तो निसटतो.

दुसरे दोन माइक फणसाच्या खोडाला दोन बाजूंनी बांधले. असे माइक घेताना त्यांची स्वतःची खरखर पाहावी. 14 डेसिबलच्या आसपास असली तर शांत पहाटही नीट उतरते. वाऱ्यासाठी केसाळ टोपी हवीच.

मुंब्र्याला आल्यावर डिशची नोंद आधी लावली. कस्तुर जणू खिडकीत बसला होता. अम्मी ऐकून म्हणाली, "कस्तुरच आहे रे. पण आपली वाडी कुठंय?"

मग फणसावरची लावली. त्यात कस्तुर लांब, बारीक. पण भारद्वाज होता, पऱ्ह्याचे पाणी होते, घाट चढणारी एस.टी. होती. मध्येच काहीतरी करकरले. अम्मी सरसावून बसली. "शेजाऱ्यांचा रहाट. त्याला तेल घालायला सांग त्यांना."

ज्याला पक्षी ओळखायचा आहे, अभ्यासायचा आहे, त्याने डिश घ्यावी. तिला पर्याय नाही. ज्याला जागा जपायची आहे, त्याने दोन साधे माइक घेऊन झाडाला बांधावे आणि स्वतः लांब जाऊन बसावे. डिश मी मित्राला परत दिली. वाडीचा व्यवहार अजून ठरलेला नाही. तोवर एक हिवाळा आणि एक आंब्याचा मोसम टिपून घ्यायचा आहे.