घंटा वाजेपर्यंत

जांब समर्थला पोचेपर्यंत दुपारचे तीन वाजले. राममंदिर झालं, समर्थ रामदासांचं जन्मस्थानही झालं. 1608च्या रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला तो इथेच. एरवी मी रेंगाळलो असतो, पण उपाशीपोटी माझी भक्ती टिकत नाही.

खानावळवाल्याने रिकामं पातेलंच दाखवलं. शेवटी टपरीवर गार पोहे मिळाले आणि बाकावर शेजारी तंजावरचे एक आजोबा. शब्द आपले, हेल तमिळ. समर्थशिष्य भीमस्वामींचा मठ त्यांच्या गावात, म्हणून गुरूंचं गाव बघायला आले होते. माझी खानावळीवरची चिडचिड ऐकून म्हणाले, "आमच्या छत्रात आला असता, तर उपाशी सोडलं नसतं हो."

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी 1676च्या सुमारास तंजावर घेतलं, त्यामागोमाग गेलेल्या घरांपैकी यांचं एक. पूर्वज मोडीत जमाखर्च लिहायचे. आजोबा व्यंकोजींच्याच वंशातल्या सरफोजीराजांबद्दल काल भेटल्यासारखं बोलत होते.

राज्य गेलेले राजे कबुतरं उडवतात, असा माझा जुना ग्रह. 1799च्या तहाने तंजावरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. सरफोजींच्या हाती उरला किल्ला, ठरलेला तनखा आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. पण 1801 साली या गृहस्थाने इंग्रज रेसिडेंटला पत्र धाडलं ते रामेश्वरच्या वाटेवरच्या छत्रांसाठी, म्हणजे वाटसरूंना फुकट जेवू घालणाऱ्या धर्मशाळांसाठी. तिथला रोजचा रिवाजच त्यात लिहिला आहे. येईल त्याला शिजवलेला भात, तो नको असेल त्याला कोरडा शिधा. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करायचा, कोणी जेवायचं राहिलं असेल तर या. आजाऱ्याला वैद्य, साप चावला तरी. वाटसरूंची पोरकी मुलं पंतोजींच्या हवाली. त्यांना तीनदा जेवण आणि दर चार दिवसांनी तेल लावून न्हाऊ घालणं.

तेल लावण्याचा हिशेब कंपनीच्या साहेबापुढे मांडणारा राजा मला एकदम आवडून गेला. त्याने देवनागरी छापखानाही काढला, पण मला हे तेलच मोठं वाटतं.

तरी जित्याची खोड. "पंगती मात्र जातवारच असणार," मी म्हणालो.

आजोबांनी पोह्यातली मिरची बाजूला काढली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही पुण्याचे का?"

मी ठाण्याचा आहे.