रेषेबाहेरचा खेळ

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात फुटबॉलच्या वाट्याला मैदान येते, ते क्रिकेटवाली मुले घरी गेल्यावर. पावसाळ्यात काळी माती बुटांना अशी चिकटते की पाय उचलवत नाही. उन्हाळ्यात त्याच मातीला भेगा पडतात आणि चेंडू कुठे उसळेल याचा नेम राहत नाही. तरीही मुले खेळतात. मी मलकापूरजवळच्या एका शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. फक्कीने रेषा आखणे, चेंडूत हवा भरणे आणि मुलांची भांडणे सोडवणे, हे माझे रोजचे काम.

माझा भाचा नववीत असताना त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली. डॉक्टरांनी सहा महिने खेळ बंद ठेवायला सांगितले. मी त्याला म्हटले, "घरी बसू नकोस. रोज मैदानावर ये आणि रेषेबाहेर बसून खेळ बघ." तो रुसून म्हणाला, "मामू, जो खेळत नाही तो कसला फुटबॉलवाला?"

त्याला समजावण्यासाठी मी खालिद जमील यांची हकिगत सांगितली.

खालिद जमील यांचा जन्म १९७७ साली कुवेतमध्ये झाला. त्यांचे खेळाडू म्हणून आयुष्य मात्र मुंबईत गेले. ते मधल्या फळीत खेळत. महिंद्र युनायटेड आणि एअर इंडिया या त्या काळी मुंबईतल्या नावाजलेल्या संघांकडून ते खेळले. भारतीय संघातही त्यांची निवड झाली. पण दुखापतींनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. महिंद्रने २००५-०६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, तेव्हा जमील त्या संघात होते; पण दुखापतीमुळे मैदानावर उतरण्याची संधी त्यांना फारशी मिळाली नाही. ज्या वर्षी आपला संघ देशात पहिला आला, त्या वर्षी आपण बाहेर बसलेले! खेळाडूला हे किती लागत असेल, हे गुडघा धरून बसलेल्या माझ्या भाच्याला मी वेगळे सांगायची गरज नव्हती. तो गप्प बसून ऐकू लागला.

पुढे ते मुंबई एफ.सी. या नव्या संघात गेले. २००९ साली त्यांनी खेळणे थांबवले आणि त्याच संघाचे प्रशिक्षक झाले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे बत्तीस. संघाकडे पैसा बेताचा, मोठे खेळाडू परवडत नसत. जमील यांनी सात वर्षे तो संघ सांभाळला. विजेतेपद कधी मिळाले नाही. पण संघ पहिल्या श्रेणीतून खालीही घसरला नाही. अशा कामाची बातमी होत नाही. २०१६ मध्ये संघाने त्यांना निरोप दिला.

त्यानंतर त्यांना बोलावणे आले ते थेट मिझोरममधून, आयझॉल एफ.सी.कडून. आमच्या मलकापूर स्टेशनावरून हावड्याकडे गाड्या जातात. पण आयझॉल त्याच्याही कितीतरी पुढे, डोंगरात. तेव्हा त्या शहरापर्यंत रेल्वेही पोहोचलेली नव्हती. आयझॉलचा संघ आदल्या हंगामात आय-लीगमधून खाली गेला होता. गोव्याच्या संघांनी स्पर्धा सोडली, म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली. जमील तिथे गेले आणि मुंबईत आपल्या हाताखाली खेळलेले जयेश राणे, आशुतोष मेहता यांच्यासारखे खेळाडूही त्या संघात आले. बाकी बहुतेक मुले मिझोरमची होती.

प्रशिक्षक नेमके काय करतो, असे मुले मला विचारतात. सोपे सांगायचे तर, कोणी कुठे उभे राहायचे ते तो ठरवतो. जमील यांचे संघ चेंडू नसताना एकमेकांच्या जवळ राहतात. त्यामुळे समोरच्याला मधून वाट मिळत नाही. चेंडू हाती आला की फार खेळवत न बसता तो लांब पुढे टाकतात आणि दोनतीन जण वेगाने धावतात. हा खेळ देखणा नाही, अशी टीका त्यांच्यावर होते. ती अगदीच खोटी नाही. पण ज्याच्याकडे महागडे खेळाडू नाहीत, त्याने देखणेपणा आणायचा कुठून, असे मला वाटते.

२२ एप्रिल २०१७ रोजी आयझॉलने बलाढ्य मोहन बागानला १-० असे हरवले. ३० एप्रिलला शेवटचा सामना शिलाँगला होता. बरोबरी झाली तरी पुरे होते. पण शिलाँग लाजाँगने नवव्याच मिनिटाला गोल केला. सदुसष्टाव्या मिनिटाला विल्यम लालनुनफेला याने तो फेडला. सामना १-१ असा सुटला. आयझॉलचे ३७ गुण, मोहन बागानचे ३६! ईशान्य भारतातला संघ पहिल्यांदाच देशाचा विजेता झाला. त्याच हंगामात मुंबई एफ.सी. तळाला गेली.

इतके झाले तरी मोठी दारे लगेच उघडली नाहीत. इंडियन सुपर लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक परदेशीच असावा, असा जणू रिवाज पडला होता. भारतीय माणूस त्याचा सहायक. जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडचे परदेशी प्रशिक्षक हंगामाच्या मध्येच गेले, म्हणून ते काम तात्पुरते जमील यांच्याकडे आले. साखळीतल्या उरलेल्या नऊ सामन्यांत संघ एकदाही हरला नाही आणि उपांत्य फेरीत पोहोचला. मग त्यांना कायम करण्यात आले. पुढच्याच हंगामात मात्र तो संघ अकरा संघांत दहावा आला. भाच्याला मी हेही सांगितले. हकिगत सांगायची तर पुरी सांगावी.

आपल्या देशाला भारतीय प्रशिक्षकाने यश दिले नव्हते, असे मात्र नाही. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम मूळचे शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला. शाळामास्तर म्हटल्यावर माझी छाती थोडी फुगते, हे कबूल करतो.

१ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. अखेरच्या तीन नावांतली दोन परदेशी होती. सुमारे तेरा वर्षांनी हे पद भारतीय माणसाकडे आले. पहिल्याच सामन्यात, २९ ऑगस्टला, भारताने ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर २-१ असे हरवले. त्या स्पर्धेत ओमानला पेनल्टी किकवर हरवून भारत तिसरा आला. सगळीकडे आनंद झाला.

पण आशिया चषकाची पात्रता फेरी बाकी होती. जमील येण्यापूर्वीच भारताने तिथे बांगलादेशशी बरोबरी केली होती आणि हाँगकाँगकडून हार खाल्ली होती. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरला जाऊन १-१ अशी बरोबरी मिळाली. १४ ऑक्टोबरला गोव्यात मडगावला भारताने पहिला गोल केला, तरी सामना १-२ असा गमावला. आशिया चषकाची आशा तिथेच संपली. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशनेही हरवले. अकराव्या मिनिटाला गोल झाला आणि पुढची ऐंशी मिनिटे भारताला तो फेडता आला नाही. अशा वेळी चेंडू प्रशिक्षकाच्या अगदी जवळून जात असतो. पण त्याला पाय लावण्याची मुभा त्याला नसते.