खाकरून यावे

आमच्या आजोबांना खोकला नव्हता, तरी ते दिवसातून वीस-पंचवीस वेळा खाकरत. सदाशिव पेठेतल्या वाड्यात ओसरीवरून माजघराकडे जायचे झाले की ते उंबरठ्याशी थांबत, घसा साफ करीत, क्षणभर थांबत आणि मग आत पाऊल टाकीत. आत एखादी काकू केस वाळवीत बसलेली असे, एखादी मुलाला पाजत असे. तेवढ्यात पदर सावरला जाई. मला लहानपणी ती आजोबांची खोड वाटे.

वाड्यात बिऱ्हाडे चौदा, नळ एक. कोणाकडे भाजी कसली आणि भांडण कशावरून, हे सगळ्यांना ठाऊक. भिंतींना कान होतेच, पण डोळ्यांना मर्यादा होती.

वाडा गेला, आम्ही कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहायला आलो. दोन वर्षांपूर्वी समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी बाल्कनीत कॅमेरा बसवला आणि त्याचे तोंड नेमके आमच्या मुला-सुनेच्या खोलीकडे! सूनबाईने पडदे ओढले ते ओढलेच. भर दुपारी दिवा लावून ती कपड्यांच्या घड्या घालू लागली. माझा संताप झाला आणि मी तडक एका वकील स्नेह्यांकडे गेलो. आम्ही एका बाकावर शिकलेले.

"अरे, हे भांडण आजचं नाही," तो म्हणाला. "1882 चा ईझमेंट ॲक्ट काढ. त्याच्या 18 व्या कलमाखाली एक उदाहरण दिलंय. एका गावात अशी रूढी आहे, की शेजाऱ्याच्या घरातलं खाजगी दिसेल अशी नवी खिडकी कोणी पाडायची नाही. तिथे 'अ'ने 'ब'च्या घराजवळ घर बांधलं, तर 'ब'ला तशी खिडकी पाडता येत नाही. 1888 साली अलाहाबादच्या हायकोर्टापुढे असाच खटला आला होता. शेजाऱ्याच्या नव्या व्हरांड्यातून आणि दारांतून आमच्या बायकांचा वावर दिसतो, अशी तक्रार होती. कोर्टाने ही रूढी मानली. मात्र आपल्या गावात ती आहे, हे तुला सिद्ध करावं लागेल."

"आणि कॅमेऱ्याचं काय?"

"त्याला नवा कायदा आहे. स्त्रीला जिथे आपल्याला कोणी पाहत नाही असं वाटावं, तिथे तिच्या खाजगी क्षणी तिला पाहणं किंवा तिचं चित्र टिपणं हा 2013 पासून स्वतंत्र गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून तो न्याय संहितेच्या 77 व्या कलमात आला. पहिल्याच वेळी दोषी ठरला तरी एक ते तीन वर्षं कैद आणि वर दंड. शिवाय 2017 साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पण आधी त्या गृहस्थांना भेट तरी!"

मी सगळी कलमे पाठ करून त्यांच्या दारात उभा राहिलो. गृहस्थ माझ्याच वयाचे निघाले. "अहो, कबुतरं कुंड्या उकरतात, म्हणून बसवला," असे म्हणून त्यांनी मला चित्र दाखवले. चित्रात निम्म्या कुंड्या होत्या आणि निम्मी आमची खिडकी. ती पाहून ते स्वतःच ओशाळले. स्टुलावर चढून त्यांनी कॅमेरा फिरवला. माझे एकही कलम खर्ची पडले नाही.

विजयी वीरासारखा मी जिना चढलो. समोरच्या बिऱ्हाडातली मुलगी कुलूप लावीत होती. मला पाहताच तिने मान खाली घातली. अलीकडे ती अशीच वागे. पूर्वी 'आजोबा, आजोबा' करणारी ही पोर. नोकरी लागल्यावर शेफारली, असे मी धरून चाललो होतो. जाता जाता तिने माझ्या दाराच्या चौकटीकडे एकदा वर पाहिले.

तिथे माझा कॅमेरा होता.

मला दरदरून घाम फुटला. चोरांसाठी म्हणून मी तो बसवला होता. चोर काही आला नाही. पण दुपारच्या वेळी फोनवर समोरच्या दारातली ये-जा पाहण्याचा मला नाद लागला होता. मार्च महिन्यात एकदा लिफ्टमध्ये मी तिच्या वडिलांना सहज म्हणालो होतो, "काल ताईंना यायला पावणेबारा झाले वाटतं?" त्या रात्री त्यांच्या घरातून चढे आवाज आले होते. तेही मी ऐकले होते आणि खिडकी लावून घेतली होती.

वकिलाने सांगितलेल्या उदाहरणाचा शेवट आता आठवला. 'अ'ला 'ब'विरुद्ध जो हक्क, तोच 'ब'ला 'अ'विरुद्ध. दारावरचा कॅमेरा 77 व्या कलमात बसत नाही, हे मला कळत होते. पण त्याने मुळीच बरे वाटेना.

त्याच संध्याकाळी मी कॅमेरा असा वळवला, की त्याला फक्त माझे पायपुसणे दिसावे. मग समोरची घंटा दाबली. तिनेच दार उघडले. मी सगळे कबूल केले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजोबा, घरी सांगायचं होतंच. पण ते मी सांगणार होते."

यंदा त्यांच्याकडचे फराळाचे ताट तिच्या आईने आणले, तिने नाही. माझी तक्रार नाही. मात्र हल्ली दार उघडून बाहेर पडण्यापूर्वी मी आतच थांबतो आणि एकदा खाकरतो.